सुंदराकाकीचं धण्याचं पाणी

किन्हवलीहून मुरबाडच्या अंगाला जाताना एक कच्चा रस्ता फुटतो. त्या रस्त्यानं ओढा ओलांडला की आमची वाडी लागते, आणि वाडीतलं पहिलं घर सुंदराकाकीचं. घरामागं ओढ्याला लागून तिची जमीन आहे. पावसाळ्यात तिथं भात होतं. भात कापून झोडून झालं, की काकी त्याच ओलाव्यावर कोथिंबीर करायची.

पेरायच्या आधी ती धणे पोत्यावर पसरायची आणि चपलेनं हलकेच रगडायची. धण्याच्या दोन फाका झाल्या की तो लवकर उगवतो, हे तिला तिच्या सासूनं, बाईजानं, शिकवलं होतं. अर्धी कोथिंबीर जुड्या बांधून किन्हवलीच्या बाजाराला जायची. उरलेली ती मुद्दाम राखायची. तिला बारीक पांढरी फुलं यायची, मग हिरवे धणे धरायचे. हिरव्या धण्याला ढेकणासारखा वास येतो. तेच धणे झाडावर वाळले की असा गोड वास सुटतो की रस्त्यानं जाणारा माणूससुद्धा मान वळवून बघतो. हे वाळलेले धणे काकी विकायची नाही. ते औषधाला.

वाडीत कोणाला उन्हाळी लागली, लघवीला आग व्हायला लागली, की घरचं माणूस तांब्या घेऊन काकीच्या दारात यायचं. रात्री भिजवलेले धणे ती सकाळी पाट्यावर ठेचायची, फडक्यातून गाळायची आणि त्यात खडीसाखर घालून द्यायची. पोट फुगलं तर धणे-जिरं उकळून द्यायची. तोंड आलं तर कोथिंबिरीची पानं चावून गालात धरायला सांगायची. लग्नाचं तिखट-तेलकट जेवण झालं, की दुसऱ्या दिवशी आंबट ढेकर देणारी माणसं तिच्या ओट्यावर रांगेनं बसलेली मी लहानपणापासून पाहिली आहेत. कोणाला लगेच बरं वाटायचं, कोणाला वेळ लागायचा. पण तिच्या हाताला गुण आहे, असं सगळेच म्हणायचे.

काकीचा नवरा अनंता. उंच माणूस, भाताचे भारे वाहून खांदे रुंद झालेले, बोलणं बेताचं. बायकोच्या औषधांची तो थट्टा करायचा. कोणी तांब्या घेऊन आलं की आतल्या बाजूला तोंड करून ओरडायचा, "डाक्टरीणबाय, पेशंट आलाय!" आणि स्वतः उन्हातून आला की सगळ्यात आधी तेच पाणी मागायचा. बांधावर उकिडवा बसून तो तांब्या वर धरायचा, गळ्याची घाटी खाली-वर व्हायची, निम्मं पाणी छातीवर सांडायचं. मग ओल्या छातीवर हात फिरवून म्हणायचा, "थंड पडलो गो."

त्यांना एकच मुलगी, रविना. ती लग्न होऊन आसनगावला गेली होती.

एका पावसाळ्यात लावणीच्या चिखलातून वर आल्यावर अनंताचे पाय सुजलेले दिसायला लागले. चिखलात उभं राहून सुजले असतील, असं दोघांनाही वाटलं. मग त्याला लघवीला जळजळ व्हायला लागली. काकीनं धणे भिजवले. दोन-चार दिवसांत जळजळ गेली. तेवढ्यानं दोघं निश्चिंत झाली. जळजळ गेली म्हणजे दुखणं गेलं, असं वाटलं. पुढं भात पोटरीला येईपर्यंत अनंताला दम लागायला लागला. भाकरी नकोशी झाली. सकाळी उठला की डोळ्यांखाली फुगवटा असायचा. काकी रोज सकाळी धण्याचं पाणी द्यायची, तो रोज प्यायचा. "अंगातली उष्णता हाय," ती म्हणायची. "पडंल बाहेर."

दिवाळीला रविना आली. बापाचा चेहरा बघून ती दारातच थांबली.

"आये, बाबांचं तोंड असं का झालंय?"

"सुजलंय जरा. औषध चालू हाय."

"कसलं औषध?"

काकीनं पाट्याकडं बोट दाखवलं.  भाऊबीज होताच रविनानं बापाला गाडीत घातलं आणि शहापूरला नेलं. काकी सोबत गेली. तिथं रक्त तपासलं, तिथून लगोलग कल्याणला पाठवलं. कल्याणचे डॉक्टर वयानं तरुण होते, समजावून बोलणारे. त्यांनी विचारलं, "यांना बी.पी. कधीपासून आहे?"

अनंतानं बायकोकडं बघितलं. काकी म्हणाली, "कदी मोजलंच नाय, साहेब. आमी कदी आजारीच पडलो नाय."

डॉक्टरांनी सांगितलं ते असं, की रक्ताचा दाब कित्येक वर्षं वाढलेला होता. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. त्या दाबानं दोन्ही किडन्या आतून खराब होत गेल्या. आता त्या रक्त साफ करू शकत नाहीत. ते काम यापुढं मशीनवर करावं लागेल, एक दिवसाआड.

सगळे उठले तरी काकी उठली नाही. पदर बोटाला गुंडाळत तिनं विचारलं, "साहेब, मी यांना धण्याचं पाणी देत व्हते. रोज. त्याच्यानं झालं का वं?"

"नाही, मावशी. धण्यानं किडनी जात नाही. माझी आईसुद्धा देते आम्हाला उन्हाळ्यात. जळजळ थांबली असेल ना यांची त्यानं?"

"थांबली व्हती."

"थांबणारच. ते वाईट नाही." डॉक्टर कागद चाळत म्हणाले, "पण पाय सुजले तेव्हाच आला असता, तर..." आणि ते गप्प झाले. काकीच्या चेहऱ्याकडं त्यांचं लक्ष गेलं असावं.

ते अर्धं राहिलेलं वाक्य काकीनं घरी आणलं. भाकरी थापताना, भांडी घासताना ती मध्येच थांबायची. शेजारच्या बारकूच्या बायकोला, राहीला, तिनं एकदाच सांगितलं, "ते पुढं काय बोलनार व्हते, ते मला ठावं हाय." पुन्हा तो विषय काढला नाही.

मग अनंताचं मशीनवर जाणं सुरू झालं. हाताला नळ्या लावून तासन् तास पडून राहायचं. संध्याकाळी घरी येईपर्यंत माणूस पिळून काढल्यासारखा व्हायचा. पण मशीनपेक्षा त्याला जड गेलं ते पाणी. दिवसभरात किती पाणी प्यायचं ते ठरवून दिलं होतं. देवपूजेच्या पेल्याएवढा एक पेला काकीनं त्याच्यासाठी वेगळा काढला. गोळ्या घ्यायच्या त्याच पाण्यावर, चहा घ्यायचा तो त्यातलाच.

पहिल्या आठवड्यात त्यानं काकीची पाठ वळलेली बघून माठातून तांब्या भरला आणि प्यायला. दुसऱ्या दिवशी त्याला आडवं होता येईना. छातीत घरघर लागली. मशीनवरच्या नर्सनं, सारिकानं, वजन केलं आणि कपाळावर हात मारला. सारिका मुरबाडचीच, त्यामुळे काकीशी घरच्यासारखं बोलायची.

"मावशी, पाणी दिलंत ना यांना?"

"मी नाय दिलं. चोरून प्याले. पन मी म्हनते, साध्या पाण्याऐवजी धण्याचं थोडं दिलं तर? धण्यानं लघवी सुटते ना?"

"सुटते. किडनी चालू असली तर सुटते," सारिका म्हणाली. "यांच्या किडनीनं लघवी करायचंच सोडलंय. मग पाणी धण्याचं असो नाहीतर साधं, ते जाणार कुठं? आधी पायात साठणार, मग छातीत चढणार. तुम्ही त्यांना पाणी पाजलंत ना, तर तेच त्यांना बुडवील."

काकी घरी आली आणि माठ उचलून शेजारी बारकूच्या घरी ठेवून आली. हंडे-कळश्याही तिकडेच. स्वयंपाकाला पाणी लागलं की ती तिकडून आणायची आणि उरलेलं परत नेऊन ओतायची. स्वतः प्यायची तीही बारकूच्या ओसरीवर, अनंताकडं पाठ करून. अनंता ओट्यावर बसून हे सगळं बघायचा. त्याची बहीण तानसा धरणाकडं दिलेली होती. ती भेटायला आली तेव्हा तो हसत म्हणाला, "तुमचं तानसा अख्ख्या मुंबईला पाजतंय, आनि मला पेलाभर मिलत नाय." बहिणीला हसू आलं नाही. ती तोंडाला पदर लावून आत गेली.

मीठही जवळजवळ बंदच झालं होतं. बिनमिठाची भाजी अनंता एक घास खाऊन ताट सारायचा. अंगावरचं मांस उतरत चाललं. काकीनं पुन्हा सारिकाला गाठलं. सारिकानं आहाराच्या बाईंना विचारलं आणि येऊन सांगितलं, "धणे कोरडे भाजा, पूड करा. चिमूट-दोन चिमूट भाजीवर घाला, वर लिंबाचे दोन थेंब. मिठाची आठवण कमी होते त्यानं. आणि तोंडाला कोरड पडली की कोथिंबिरीची दोन पानं धुऊन चावायला द्या. जास्त नको हां. तेवढी चालतील."

काकीनं हे ऐकलं आणि तिच्या अंगात जणू जीव आला. इतके दिवस ती नवऱ्यासाठी नुसतं "नाय" म्हणायचं काम करत होती. त्या संध्याकाळी तिनं लोखंडी तव्यावर धणे टाकले. घरभर वास दरवळला. अनंता ओट्यावरून उठून चुलीपाशी येऊन बसला. दुधी भोपळ्याच्या फिक्या भाजीवर तिनं ती पूड भुरभुरली.

दोन घास खाल्ल्यावर त्यानं मान वर केली. "आज मीठ टाकलंस?"

"नाय."

"खोटं नको बोलूस."

"तुमच्या गळ्याची शपथ. नाय टाकलं."

त्यानं अख्खी भाकरी खाल्ली. काकी चुलीकडं तोंड करून बसली होती, धूर गेला म्हणत डोळे पुसत होती.

तो हिवाळा बरा गेला. काकीनं ओढ्याकाठी कोथिंबीर केलीच. मशीन नसायची त्या दिवशी अनंता तिच्यासोबत तिथं जाऊन बसायचा. त्याला काम होत नव्हतं, पण तो वाफ्याच्या कडेला बसून गवत उपटायचा. तोंड कोरडं पडलं की काकी दोन पानं खुडून धुवून त्याच्या तळहातावर ठेवायची. तो ती पानं खूप वेळ चघळत राहायचा. एकदा म्हणाला, "सुंदरा, तुझ्या पाल्यानं तोंडाला चव येते. पन तहान काय जात नाय गो."

"माहीत हाय मला," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत? तू तर पितेस."

त्या दिवसापासून तीही त्याच्या पेल्याएवढ्या पेल्यानं प्यायला लागली. रविनाला हे फार उशिरा कळलं. ती रागावली. काकी म्हणाली, "त्यांना बरं वाटतं."

होळीनंतर ऊन तापलं. वैशाखात बारकूच्या पुतणीचं लग्न निघालं. दारात मांडव, सरबताची पिंपं, स्पीकर. सगळं अनंताच्या ओट्यासमोरच. पाहुणे ग्लास भरभरून पीत होते. अनंता भिंतीला टेकून बघत होता. त्याची जीभ खरखरीत झाली होती, ओठांना चिरा पडल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मशीन होती. दिवसाचं पाणी दुपारीच संपलं होतं.

काकी मांडवातून आली तेव्हा त्यानं तिचा हात धरला.

"सुंदरा, आज दे."

"काय?"

"बांधावर द्यायचीस तसं. तांब्याभर. धणे घालून. येकदाच."

"असं नका ना बोलू. उद्या मशीन हाय. उद्यापातूर थांबा."

"येकदा प्यालो तर काय व्हतंय? लय तर मरंन."

"अहो!"

"मी मरायला भीत नाय. ही तहान नको मला." त्याचा आवाज चिरकला. "सगल्या वाडीला पाजलंस. परक्याला पाजलंस. मी मागतो तर नाय."

काकी त्याच्यासमोर खाली बसली. "सारिकानं काय सांगितलं, तुमी ऐकलंत ना? मी माज्या हातानं तुमाला बुडवू?"

 त्यानं तिचा हात सोडला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. काकीनं फडकं ओलं करून त्याचे ओठ पुसले. त्यानं डोळे उघडले नाहीत. समोर मांडवात वऱ्हाड नाचत होतं. तिनं जाऊन दार लोटून घेतलं.

दिवेलागणीला तिनं एका वाटीत थोडे धणे भिजत घातले. मशीनवरून आल्यावर अंग हलकं असतं, तेव्हा डॉक्टर दोन घोट जास्तीचे चालवून घेतात, हे तिला ठाऊक होतं. उद्या संध्याकाळी घरी आले की हेच पाणी गाळून दोन घोट द्यायचे, असं तिनं ठरवलं. तसं त्याला सांगावं असंही तिच्या मनात आलं. पण तो रुसून पडला होता. उद्या देतानाच सांगू, म्हणजे बरं वाटेल, असा तिनं विचार केला आणि वाटी झाकून ठेवली.

दुसऱ्या दिवशी मशीन चालू असतानाच अनंताची छाती दुखायला लागली. सारिका धावली, डॉक्टर आले, त्यांनी छाती दाबली, विजेचे झटके दिले. काकीला बाहेर बसवलं होतं. बऱ्याच वेळानं सारिका बाहेर आली आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसली. तिला तोंडानं सांगावं लागलं नाही.

ॲम्ब्युलन्स वाडीत आली तेव्हा ऊन उतरलं होतं. बारकूनं मांडवाचे बांबू तसेच ठेवून पताका तेवढ्या काढून टाकल्या. अनंताला ओसरीवर निजवलं. जुनीजाणती माणसं म्हणाली, "पाणी घाला तोंडात." तांब्या आला, तुळशीचं पान आलं. भाऊबंद एकेक करून पुढं यायला लागले. जो तो दोन थेंब घालायचा. पाणी ओठांत थांबत नव्हतं, कडेनं गालावर आणि गालावरून मानेखाली ओघळत होतं. रविना पदरानं टिपत होती. काकी उशाशी बसून नुसती बघत होती.

तिची पाळी आली तेव्हा कोणीतरी तांब्या तिच्या हातात दिला. तिनं तो घेतला नाही.

"आता?" ती म्हणाली. "आता सगले पाजताव?"

 ती उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला, मग पाट्याचा. बायकांना वाटलं, हिचं डोकं फिरलं. राही तिला आणायला आत जाणार, तेवढ्यात ती वाटी घेऊन बाहेर आली. आदल्या संध्याकाळी भिजवलेले धणे ठेचून तिनं पाणी गाळून घेतलं होतं. खडीसाखरसुद्धा घातली होती. नवऱ्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं आणि चमच्यानं ते पाणी हळूहळू त्याच्या ओठांत सोडत राहिली. सगळं ओघळून तिच्या लुगड्यावर आलं. शेवटचा चमचा झाल्यावर ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली, "काल सांगायला पायजे व्हतं मी. तुमच्यासाटीच ठेवलेले. सांगायला पायजे व्हतं."

वाडीतल्या पुरुषांनीही तेव्हा माना फिरवल्या.

त्या वर्षी भात कापल्यावर काकीनं जमीन तशीच पडीक ठेवली. घरातले धणे तिनं बियाण्यासाठी कोणाकोणाला देऊन टाकले. दारात तांब्या घेऊन कोणी आलं तर म्हणायची, "धणे नायत." पहिल्यांदा लोकांना वाईट वाटायचं, पुढं लोक यायचेच बंद झाले. रविना तिला आसनगावला न्यायला दोनदा आली. ती गेली नाही. दिवसभर ओट्यावर बसून असायची. कोणी बोललं तर बोलायची, नाहीतर नाही.

थंडी सरताना एका सकाळी शेजारची राही आली. "काकी, धणे कुठून मिलतील का बग ना. आमच्या ह्यांना लघवीला आग व्हते."

"नायत धणे."

राही वळली. तेवढ्यात काकीनं हाक मारली. "किती दिस झाले गो?"

"झाले असतील आठ-दहा."

"पाय सुजलेत?"

राहीनं आठवून सांगितलं, "संध्याकालचे सुजतात थोडे."

काकी उठली ती तशीच बारकूच्या ओसरीवर गेली. बारकू दाढी करत बसला होता. तिनं काही न विचारता त्याचा पाय ओढला आणि नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"कापडं घाल," ती म्हणाली. "किन्हवलीला जायाचं."

"काय येडी झाली का तू? तुझं पाणी दे, बरं वाटंल मला."

"पाणी दीन. गावभर मागून आनीन नि दीन. पहिलं चल."

"काकी, मला काय पन झालं नाय..."

"त्यांना पन काय नव्हतं झालं," काकी म्हणाली, आणि बारकू निमूटपणे उठला.

किन्हवलीच्या सरकारी दवाखान्यात बाईंनी पट्टा बांधून दाब मोजला, पुन्हा मोजला. बराच वाढलेला होता. रक्त-लघवी तपासायला शहापूरला पाठवलं. काकी दोन्ही ठिकाणी सोबत गेली. बाकावर बसून राहिली. रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की लघवीला जंतुसंसर्ग आहे, तो औषधानं जाईल. किडनीला थोडा ताण पडलाय, पण अजून काही बिघडलेलं नाही. दाबाची गोळी मात्र रोज घ्यायची, चुकवायची नाही. पाणी भरपूर प्यायला हरकत नाही, धण्याचं प्यालात तरी चालेल. मग काकीकडं बघून त्या हसल्या. "तुम्ही आणलंत ना यांना? अगदी वेळेवर आणलंत."

काकी "व्हय" म्हणाली. 

दुसऱ्या दिवशी रविना वाडीत आली होती. राही नारळ घेऊन आली, काकीच्या पाया पडली, रडली, हसली, शेजारपाजारच्या बायकांना बोलावून सगळं पुन्हा सांगत बसली. काकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "गोल्या चुकवू नको देऊ त्याला," म्हणाली. आणि चहाचं आधण ठेवायला म्हणून आत गेली.

आधण उकळून आटलं तरी ती आली नाही. रविना शोधत मागल्या दारी गेली. काकी पडीक वाफ्याच्या कडेला बसली होती. अनंता गेला तेव्हाही कोणी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. पदराचा बोळा तोंडात कोंबला होता, तरी आवाज बाहेर येत होता.

"आये," रविना तिच्याजवळ बसली. "बारकूकाकाचं तर बरं झालं ना गो."

"बरं झालं. लय बरं झालं."

"मग?"

काकीनं तोंडातला बोळा काढला. मग ती म्हणाली, "किन्हवलीची बस नाक्यावरनं रोज जाते, रविना. रोज जाते. मी त्या बसनं कोथिंबिरीच्या जुड्या न्यायचे."

  रविनानं आईचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि तीही रडायला लागली. पुढच्या दारातून राही चहासाठी हाका मारत होती.